सतरा नंबरचं वाक्य

ऑफिसात तिला सगळे मिली म्हणत. ते लाडानं म्हणतात असा तिचा समज असेल तर असो, खरं कारण वेगळं होतं. ही बाई चहाला झालेला उशीरसुद्धा मिलिसेकंदांत सांगायची. लिफ्ट जिन्यापेक्षा किती वेळ खाते, साहेब एका होकारासाठी किती वेळ घसा खाकरतात, सगळं तिनं मोजून ठेवलेलं. पण प्रोग्राम असे लिहायची की भलेभले तोंडात बोटं घालत, त्यामुळे तिचं मोजणं लोक खपवून घेत.

आज मात्र ती सकाळी साडेसातपासून एका हॉस्पिटलच्या प्रतीक्षागृहात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि तिला काही मोजवत नव्हतं. आत तिच्या बाबांच्या हृदयाची झडप बदलत होते.

बाबा शिंपी. उभा जन्म लोकांच्या अंगाला टेप लावण्यात गेला. आत नेताना स्ट्रेचरवरून तिला म्हणाले, "ताई, डॉक्टरांना सांग, टाका बारीक घाला म्हणावं. जाड दोऱ्यानं शिवलेलं मला आवडत नाही." स्ट्रेचर ढकलणारा हसला, तीही हसली. आई गेल्यापासून घरात ही दोघंच होती, आणि दोघांच्या वाटणीचं बोलायचं काम बाबांनी एकट्यानं उचललं होतं. ते बोलणं बंद झालं तर घरात काय उरेल, हा विचार तिनं सकाळपासून चार हात लांब ठेवला होता.

प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता. सगळे त्याला फळा म्हणत. डावीकडे रुग्णाचा क्रमांक, उजवीकडे एक वाक्य. वाक्यं मोजून पाच. 'तयारी सुरू.' 'शस्त्रक्रिया सुरू.' 'शस्त्रक्रिया लांबली आहे.' 'शस्त्रक्रिया पूर्ण, प्रकृती स्थिर.' आणि पाचवं, 'नातेवाईकांनी खोली दोनमध्ये यावे.' खोली दोन म्हणजे काय हे कुणी कुणाला सांगत नसे, पण तासाभरात ज्याला त्याला कळे. चांगली बातमी असली की डॉक्टर दारात उभ्या उभ्या सांगून मोकळे होत. खोली दोनमध्ये ते तुम्हाला बसायला सांगत आणि स्वतःही बसत.

इथं नावं कुणाला ठाऊक नव्हती. जो तो आपल्या माणसाचा क्रमांक होऊन बसलेला. मिली म्हणजे सतरा. तिच्या शेजारच्या खुर्चीत अकरा नंबरच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या. नवरा सुतार. दुकानाचं शटर उचलता उचलता छातीत कळ आली म्हणून आणलेला. बाईंचा स्वभाव असा, की दहा मिनिटांत त्यांनी मिलीचं अख्खं घराणं विचारून घेतलं आणि स्वतःचं सांगून टाकलं.

"सतरा, बिस्किट घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही उपाशी बसलात म्हणून तुमचे बाबा लवकर बाहेर येणार आहेत का?"

"भूक नाही हो."

"भूक मलाही नाही. मी तोंड चालू ठेवायला खाते. नाहीतर रडेन." त्यांनी पुडा तिच्या मांडीवर ठेवला आणि फळ्याकडे पाहिलं. "बाकी काही म्हणा, हे एक बरं केलंय. माणसाला विचारायला जावं तर वसकन अंगावर येतात. इथं मान वर केली की कळतं."

मिलीला इतक्या काळजीतही आतून जरा बरं वाटलं. कारण फळा तिचा होता. तो चालवणारा प्रोग्राम तिनं लिहिला होता. तसं सांगायला तिनं तोंड उघडलंही, पण तेवढ्यात बाईंच्या सासूचा फोन आला, सकाळपासूनचा सहावा, आणि ते राहून गेलं.

फळ्यामागची भानगड इथं सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

आत दोन ऑपरेशन थिएटर. प्रत्येकाच्या बाहेर नर्सचं टेबल. नर्स क्रमांक निवडते, वाक्य निवडते, बटण दाबते. एका टेबलाचा एक प्रोग्राम, दुसऱ्याचा दुसरा, आणि फळा चालवणारा तिसरा. तिन्ही तळघरातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालत. पूर्वी यांचं बोलणं निरोप्यामार्फत व्हायचं. पहिला प्रोग्राम निरोप कॉम्प्युटरच्या हवाली करी, कॉम्प्युटर त्याची नक्कल करी, रांगेत लावी, मग तिसऱ्याला देई. फळ्यावर वाक्य उमटायला चार सेकंद लागत. चार सेकंद म्हणजे मिलीच्या लेखी चार हजार मिलिसेकंद, आणि ते ऐकून तिला झोप लागेना.

तिनं निरोप्यालाच रजा दिली. कॉम्प्युटरच्या स्मृतीतला एक तुकडा तिन्ही प्रोग्रामना सताड उघडा करून दिला. याला शेअर्ड मेमरी म्हणतात. एकानं तिथं लिहायचं, दुसऱ्यानं तिथंच वाचायचं, मध्ये कुणी नको. त्या तुकड्यात तिनं दोन रकाने पाडले. एकात क्रमांक एकाखाली एक, दुसऱ्यात वाक्यं एकाखाली एक. फळ्यानं पहिला क्रमांक आणि पहिलं वाक्य उचलून शेजारी शेजारी लावायचं, मग दुसऱ्याला दुसरं. नर्सनं बटण दाबायचा अवकाश, फळा हजर.

आता एकाच पाटीवर दोघं लिहिणार म्हटल्यावर एकाचं होईतो दुसऱ्यानं थांबायला हवं. त्यासाठी लॉक असतं. लिहिणाऱ्यानं लॉक लावायचं, लिहायचं, काढायचं. ऑफिसात एक जुने प्रोग्रामर होते, त्यांचा या लॉकवर इतका जीव की सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. त्यांच्या आग्रहाखातर मिलीनं सुरुवातीला लॉक ठेवलंही. पण एकदा एक प्रोग्राम लॉक लावलेल्या अवस्थेतच बंद पडला आणि फळा वीस मिनिटं गोठून बसला. बाहेरच्या नातेवाईकांनी काउंटरवरच्या बिचाऱ्या मुलीला सळो की पळो करून सोडलं. दुसऱ्या दिवशी मिलीनं लॉकच काढून टाकलं.

"अगं, दोघांनी एकदम लिहिलं तर?" कुलूपकाकांनी विचारलं होतं.

"काका, लिहायला सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. नेमक्या त्याच क्षणी दोन टेबलांवर दोन नर्सनी बटण दाबायचं? कुणाच्या बापाला जमायचं नाही."

सगळे हसले. साहेबांनी पाठ थोपटली. त्याला आता चौदा महिने झाले होते आणि फळ्याबद्दल एकही तक्रार आली नव्हती.

दोन वाजून दहा मिनिटांनी फळा हलला. दोन ओळी एकदमच बदलल्या.

अकरा. शस्त्रक्रिया पूर्ण, प्रकृती स्थिर.

सतरा. नातेवाईकांनी खोली दोनमध्ये यावे.

मिलीनं ते वाचलं. तिला वाटलं आपण वरची ओळ खालच्या ओळीत वाचतोय. तिनं डोळे मिटले, उघडले, आणि बोट हवेत धरून ओळ पुन्हा वाचली, पहिलीतलं मूल वाचतं तशी. सतराच होतं.  मांडीवरचा बिस्किटांचा पुडा खाली पडला आणि बिस्किटं फरशीवर लांबवर घरंगळत गेली. कुणीतरी ती वाचवायला पाय बाजूला घेतले, एवढंच तिला दिसलं.

शेजारी अकरा नंबरच्या बाई उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. "झालं, आई, झालं. स्थिर म्हणतात. हो, लिहून आलंय, डोळ्यांनी बघतेय ना मी. आता तुम्ही दोन घास खा बघू. चार दिवस नुसत्या पाण्यावर आहात. उठा, ताट वाढून घ्या." बोलता बोलता त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली आणि हसू तसंच अर्धवट राहिलं. त्यांनी फोन खाली घेतला. मिली उठून चालू लागली होती.

खोली दोन लहान होती. एक टेबल, चार खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा. मिलीला नर्सनं बसायला सांगितलं आणि ती बसली. आत काय ऐकायचं हे तिला ठाऊक होतं, तरी कान त्या शब्दांसाठी तयार होईनात. कुणीतरी येऊन दुसरंच काही बोलावं, कागद राहिलाय म्हणावं, सही हवी म्हणावं, असं ती मनातल्या मनात घोकत राहिली.

सर्जनबाई आल्या. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली, कपाळावर तिचा वळ. समोर बसल्या.

"आम्ही सगळं केलं," त्या म्हणाल्या. "हृदय थांबलं ते परत सुरू झालं नाही. पाऊण तास प्रयत्न केले. मला फार वाईट वाटतं."

मिलीला रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट आली, की घरी शिलाई मशीनवर एक अर्धा शिवलेला सदरा आहे, तो आता कोण पुरा करणार. ती टेबलाच्या कडेला धरून बसली. सर्जनबाईंनी आपला हात तिच्या हातावर ठेवला.

"तुमच्या मिस्टरांना त्रास झाला नाही," त्या म्हणाल्या. "ते भुलीतच होते."

मिलीनं वर पाहिलं. "मिस्टर?"

"हो."

"माझं लग्न झालेलं नाही." आपलाच आवाज तिला पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "आत माझे वडील आहेत. सतरा नंबर."

सर्जनबाईंनी हात काढून घेतला. नर्सकडे पाहिलं, नर्सनं हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ती बाहेर पळाली. दोघी एकमेकींसमोर बसून राहिल्या.  मिनिटभरानं नर्स परतली.

"सतरा रिकव्हरीत आहेत," ती धापा टाकत म्हणाली. "दोन वाजता हलवलं. सगळं ठीक आहे. शुद्धीवर येतायत, पाणी मागतायत."

मिलीचा जीव भांड्यात पडला. अगदी खराखुरा, आवाज होऊन पडावा तसा. ती हसली आणि मग तिला हुंदका आला, दोन्ही एकाच वेळी. बाबा पाणी मागत होते. बाबा बोलत होते. ती खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली, रुमालांच्या डब्यातून चार-पाच रुमाल उगाचच ओढून काढले.

"अठ्ठावीस वर्षांत मी असं कुणाला सांगितलं नव्हतं," सर्जनबाई म्हणाल्या.  "तुम्ही इथं कशा आलात?"

"फळ्यावर होतं. सतरा, खोली दोन."

"मी तर अकरा दाबलं होतं," नर्स म्हणाली. "शपथेवर सांगते. सतरा पलीकडच्या टेबलवरच्या सिस्टरनं दाबलं, स्थिर म्हणून. आम्ही दोघींनी एकदमच..."

ती पुढं काय बोलली ते मिलीनं ऐकलं नाही. हातातले रुमाल तसेच राहिले.

क्रमांक, क्रमांक, वाक्य, वाक्य. पलीकडच्या प्रोग्रामनं पहिल्या रकान्यात सतरा लिहिलं. त्याचं वाक्य लिहून व्हायच्या आत या टेबलाच्या प्रोग्रामनं त्याखाली अकरा लिहिलं आणि आपलं वाक्य, खोली दोनचं, दुसऱ्या रकान्यात सगळ्यात वर टाकलं. पहिल्याचं वाक्य त्याच्या खाली गेलं. फळ्यानं आपलं काम चोख केलं. पहिल्या क्रमांकाला पहिलं वाक्य, दुसऱ्याला दुसरं. मध्ये लॉक असतं तर पहिल्याचं पुरं होईतो दुसरा थांबला असता.

पण दहा लाखांतला एक क्षण? तिला अजून पटेना. आणि मग पटलं. दोन्ही प्रोग्राम बटण दाबल्याबरोबर लिहितच नव्हते. कॉम्प्युटरवर उगाच ताण नको म्हणून तिनंच त्यांना घड्याळाला बांधलं होतं. बटण केव्हाही दाबा, लिहायचं ते सेकंदाचा काटा सरकताना. म्हणजे दोन नर्सनी एका सेकंदात बटण दाबलं की पुरे. दोन्ही प्रोग्राम एकाच ठोक्याला त्या पाटीवर तुटून पडणार. दहा लाखांचं गणित तिनं मांडलं तेव्हा हा ठोका तिच्या डोक्यात आलाच नव्हता. चौदा महिन्यांत असं किती वेळा झालं असेल? कुणाच्या 'तयारी सुरू'ला कुणाचं 'लांबली आहे' चिकटलं असेल, दोन मिनिटांनी नर्सनं नवं वाक्य दाबलं असेल, आणि घाबरून अर्धमेलं झालेलं कुणीतरी गप्प बसून राहिलं असेल. कुणी तक्रार करायची आणि काय म्हणून?

आणि बाहेर अकरा नंबरच्या बाई होत्या. सासूला जेवायला बसवून.

आपण आत्ता सुटकेनं हसलो ते मरण त्यांच्या वाटणीला गेलं म्हणून, हे मिलीला कळलं आणि तिची तिलाच शरम वाटली.

"मशीन करतं कधी कधी गडबड," नर्स म्हणत होती, स्वतःचीच समजूत काढल्यासारखी. "मॅडम, मी अकराच्या नातेवाईकांना बोलावते. तुम्ही बाबांकडे जा, तुमचा काही संबंध नाही यात."

जायला दार उघडं होतं. डाव्या हाताला रिकव्हरी, तिथं बाबा पाणी मागत होते. मिली उभी राहिली. "मी आणते त्यांना," ती म्हणाली. "माझ्या शेजारीच बसल्या होत्या."

प्रतीक्षागृहात ती दोन पावलं टाकते न टाकते तोच बाई समोर आल्या आणि त्यांनी तिला मिठीच मारली. घट्ट, पाठीवर हात फिरवत.

"रडा," त्या म्हणाल्या. "रडून घ्या, पोरी. माझं चांगलं झालं आणि तुझं असं व्हावं, मला तर हसायचीच चोरी झाली गं." त्या स्वतःच रडत होत्या. "घरी कोण आहे? कुणाला फोन करायचाय का? मी करते, नंबर सांग."

 मिली कशीबशी त्या मिठीतून बाहेर आली. "तुम्हाला आत बोलावलंय," ती म्हणाली.

"मला?" बाईंनी डोळे पुसले. चेहरा उजळला आणि लगेच मिलीकडे बघून त्यांनी तो आवरला. "भेटू देतात वाटतं. येते हं मी, लगेच येते. तू इथंच बस, एकटी जाऊ नकोस कुठं." त्यांनी पिशवीतून छोटा कंगवा काढला, कपाळावरचे केस मागे घेतले. नवऱ्याला दिसायला बरं दिसावं म्हणून.

त्या कंगव्यानं मिलीचं काळीज चिरलं. अशा तयार होऊन त्या खोली दोनमध्ये गेल्या असत्या.

"थांबा," तिनं त्यांचा हात धरला. "भेटायला नाही. फळ्यावरचं चुकलंय. मला आलं ते तुमचं होतं. तुम्हाला आलं ते माझ्या बाबांचं."

बाईंना ते कळलं नाही. त्या तिच्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या, दुःखानं पोरीला भ्रम झाला म्हणून. मग त्यांनी फळ्याकडे बोट केलं.

"अगं, लिहिलंय ना ते. बघ. अकरा. स्थिर."

"हो."

"मग?"

मशीन चुकलं, एवढं म्हणून भागलं असतं. नर्सनं ते वाक्य तयार करूनही दिलं होतं.

"ते खरं नाही," मिली म्हणाली. "हा फळा मी केलाय. तो चुकू नये म्हणून एक गोष्ट त्यात होती. ती मी काढून टाकली. तो लवकर चालावा म्हणून."

बाईंचा कंगवा हातातच होता. आजूबाजूच्या खुर्च्यांवरची माणसं बोलायची थांबली होती. बाईंनी एकदा मिलीकडे पाहिलं, एकदा मागं दारात येऊन उभ्या राहिलेल्या सर्जनबाईंकडे, त्यांच्या हातातल्या टोपीकडे. मग पुन्हा फळ्याकडे.

"आधी ते पुसा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "तसं लिहिलेलं असताना मी आत कशी जाऊ? पुसा ते."

नर्स धावत टेबलाकडे गेली. बाईंनी मिलीचा हात धरला होता की मिलीनं त्यांचा, हे आता सांगता येत नव्हतं. दोघी मान वर करून उभ्या राहिल्या. सेकंदाच्या ठोक्याला ओळ बदलली. अकरा. नातेवाईकांनी खोली दोनमध्ये यावे.

बाईंनी ते ओठ हलवत वाचलं. मग कंगवा पिशवीत ठेवला, आणि मिलीचा हात न सोडता खोली दोनकडे चालू लागल्या.